जिन्यातला दिवा आणि 2.14

तिसऱ्या मजल्यावरचे नाना बँकेतून निवृत्त झालेत. परवा संध्याकाळी मी घरी येत होतो, तर ते जिन्यातच मोबाइल धरून उभे. "हे बघ, क्वांटम कॉम्प्युटर आलाय म्हणे. पाच मिनिटांत सगळे पासवर्ड फोडतो. एफडी मोडून सोनं घेऊ का?"

मी म्हटलं, नाना, आधी भाजीची पिशवी खाली ठेवू द्या.

त्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट खरी होती, एक अर्धी आणि एक साफ चुकीची. खरी ही की गूगलने 9 डिसेंबर 2024 ला 'विलो' नावाची 105 क्यूबिटची चिप जाहीर केली. अर्धी ही की तिने पाच मिनिटांच्या आत केलेल्या गणिताला आजच्या महासंगणकाला एकावर पंचवीस शून्यं इतकी वर्षं लागली असती. गूगलचा अंदाज तसा आहे. पण ते गणित म्हणजे चिपला मुद्दाम वेड्यावाकड्या क्रमाने सूचना द्यायच्या आणि येणाऱ्या उत्तरांचे नमुने गोळा करायचे. चिपची ताकद अजमावायला ठीक. त्याने ना विजेचं बिल भरलं जातं, ना कुठलं कुलूप उघडतं. आणि पासवर्डचं म्हणाल तर तो सगळा नानांच्या ग्रुपवरचा मसाला.

त्या पंचवीस शून्यांनी मथळा खाऊन टाकला आणि शेजारचा 2.14 हा एवढासा आकडा कोणी वाचलाच नाही. माझं म्हणणं असं, की बातमी तीच होती. ती समजायला आमच्या जिन्यातला दिवा पुरतो. पण आधी थोडी उजळणी.

साध्या कॉम्प्युटरचा बिट 0 असतो किंवा 1. क्यूबिट या दोहोंच्या मिश्रणात राहू शकतो. इथून लोक थेट उडी मारतात, की "म्हणजे तो सगळी उत्तरं एकदम तपासतो." तसं असतं तर काम फारच सोपं झालं असतं. मोजायला गेलं की मिश्रण मोडतं आणि हातात एकच उत्तर येतं, तेही नशिबाने. खरी करामत लाटांसारखी आहे. चुकीच्या उत्तरांकडे नेणाऱ्या लाटा एकमेकींना खातील आणि बरोबर उत्तराच्या लाटा एकमेकींना उचलतील, अशी गणिताची मांडणी करावी लागते. अशी मांडणी मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हा त्यातला सगळ्यात गाजलेला प्रश्न; पीटर शोर यांनी त्याची रीत 1994 मध्ये दाखवली.

अडचण अशी, की हे मिश्रण अतिशय नाजूक. विलोच्या क्यूबिटमध्ये ते सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकंही धड टिकत नाही, आणि तेही चिप निरपेक्ष शून्याच्या (ज्याहून थंड काही असूच शकत नाही) वर एका अंशाच्या पन्नासाव्या हिश्शाइतक्या थंडीत ठेवल्यावर. (दादरला स्टेशनबाहेर 'क्वांटम एनर्जी'चं लॉकेट विकणाऱ्याला हे एकदा विचारायला हवं. प्रयोगशाळेत कोट्यवधींच्या शीतयंत्रात जे क्षणभर टिकत नाही, ते तुमच्या लॉकेटात मे महिन्याच्या घामात पाच वर्षांच्या वॉरंटीसकट कसं टिकतं?)

साध्या यंत्रात चूक टाळायला नक्कल करून ठेवतात. एकाऐवजी तीन प्रती ठेवा, दोन जुळल्या की तिसरी दुरुस्त करा. क्यूबिटची अशी नक्कल निघतच नाही. हे 1982 मध्ये सिद्ध झालं. आणि चूक झाली का म्हणून बघायला जावं, तर बघण्यानेच मिश्रण मोडतं. नक्कल करायची नाही, बघायचंही नाही, आणि तरी चूक पकडायची! बरेच भौतिकशास्त्रज्ञ नव्वदच्या दशकात म्हणत होते की क्वांटम कॉम्प्युटर कागदावरच राहणार.

आता दिवा. आमच्या जिन्यात एक बटण खाली आणि एक वर, दिवा एकच. दोन्ही बटणं एका बाजूला असली की दिवा बंद, वेगवेगळ्या बाजूला असली की चालू. मी नानांना मधल्या वळणावर उभं केलं, जिथून कुठलंच बटण दिसत नाही. "दिवा बंद आहे. वरचं बटण खाली आहे की वर, सांगा." नाना म्हणाले, "कसं सांगणार?" तेवढ्यात वरून कोणीतरी खट्ट केलं आणि दिवा लागला. "आता काय कळलं?" नाना म्हणाले, "कोणीतरी एक बटण हलवलं."

झालं. बटण कुठल्या बाजूला आहे ते नानांना तेव्हाही माहीत नव्हतं आणि नंतरही नाही. तरी बिघाड कळला. दिवा फक्त एवढंच सांगतो, की दोघं सारखे आहेत की वेगळे. प्रत्येकजण कसा आहे, हे तो सांगतच नाही.

आता तीन बटणं घ्या आणि दिवे दोन. पहिला दिवा पहिल्या-दुसऱ्या बटणाची तुलना करतो, दुसरा दिवा दुसऱ्या-तिसऱ्याची. (असं वायरिंग सांगितलं तर आमचा वायरमन मला जिन्यावरून ढकलेल, पण मानून चाला.) सुरुवातीला तिन्ही बटणं सारखी, दिवे बंद. फक्त पहिला दिवा लागला तर पहिलं बटण बिघडलं. फक्त दुसरा लागला तर तिसरं. दोन्ही लागले तर मधलं. कुठलं बटण उलटं झालं ते कळलं, ते परत फिरवलं, आणि बटणांमध्ये साठवलेला निरोप काय होता हे शेवटपर्यंत कोणी वाचलं नाही. क्वांटमला हेच हवं होतं.

पण बटण खट्ट करून पूर्ण पडतं. क्यूबिट थोडासाच सरकतो. दोन अंश, पाव अंश. मग अर्धवट सरकलेल्याचं काय करायचं? इथे निसर्ग आपल्या मदतीला येतो, आणि या जागेशी मी दरवेळी थोडा वेळ थांबतो. दिव्याला विचारलं की त्याला 'चालू' किंवा 'बंद' यातलं एकच उत्तर द्यावं लागतं. क्यूबिट किंचित सरकला असेल, तर बहुतेक वेळा दिवा 'बंद' म्हणतो, आणि तसं म्हणताक्षणी तो सरकलेला क्यूबिट मुकाट्याने जागेवर जातो. क्वचित 'चालू' म्हणतो, आणि मग क्यूबिट पूर्ण उलटा झालेला असतो. म्हणजे मोजल्याने मिश्रण मोडतं ही जी डोकेदुखी होती, तीच इथे औषध झाली. अनंत प्रकारच्या बारीक चुका विचारण्याच्या धाकाने दोनच जातींत येऊन बसतात.

एक जात बटण उलटण्याची. दुसरी जरा अवघड आहे: 0 आणि 1 तेच राहतात, पण मिश्रणातल्या लाटेचा उंचवटा खळगा होतो. म्हणून दिवेही दोन जातींचे लागतात. क्यूबिट बुद्धिबळाच्या पटासारखे मांडायचे, आणि मधल्या प्रत्येक घरात एक तपासनीस क्यूबिट ठेवायचा. तो आपल्या चार शेजाऱ्यांना मिळून एकच प्रश्न विचारतो. काळ्या घरातला एका जातीचा, पांढऱ्या घरातला दुसऱ्या जातीचा. या दोन जातींच्या प्रश्नांचं एकाच क्यूबिटवर पटत नाही, एक विचारला की दुसऱ्याचं उत्तर बिघडतं. पण पटावर काळ्या आणि पांढऱ्या घराचे सामाईक शेजारी एकतर नसतातच किंवा नेमके दोन असतात. एका शेजाऱ्यापाशी आलेलं उणे चिन्ह दुसऱ्यापाशी आलेलं उणे चिन्ह खोडून टाकतं, आणि दोन्ही प्रश्न सुखाने विचारता येतात. हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर सोडून द्या; पुढचं त्याच्याशिवायही कळेल.

3×3 च्या पटाला 9 क्यूबिट आणि 8 तपासनीस, एकूण 17 लागतात. 5×5 ला 49, 7×7 ला 97. हा सगळा गोतावळा मिळून एकच भरवशाचा क्यूबिट सांभाळतो. विलोवर तपासणीची एक फेरी 1.1 मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाला नऊ लाख फेऱ्या. कुठले दिवे लागले हे बघून दोष कुठे, याचा निवाडा शेजारचा साधाच कॉम्प्युटर करतो.

आता मेख. तपासनीसही क्यूबिटच, तेही चुकतात. 'बारा सुगरणी आमटी अळणी' असं व्हायला वेळ लागत नाही. 1996-97 च्या सुमारास संशोधकांनी सिद्ध केलं, की सुट्या भागांची चूक एका उंबरठ्याच्या वर असेल तर पट मोठा केल्याने बिघाड वाढतो, आणि उंबरठ्याखाली असेल तर दर पायरीला पटीने कमी होतो. या मांडणीसाठी तो उंबरठा साधारण एक टक्क्याचा. त्यानंतर पंचवीस वर्षं सगळे उंबरठ्याबाहेर ताटकळत. 2023 मध्ये गूगलनेच 3×3 वरून 5×5 वर जाऊन पाहिलं: फेरीमागे चूक 3.028 टक्क्यांवरून 2.914 वर आली. म्हणजे उंबरठ्याला जेमतेम अंगठा लागला.

विलोवर पटाची दर पायरी चढताना चूक 2.14 पटीने घटली. 3 वरून 5 ला साधारण तेवढी, 5 वरून 7 ला पुन्हा साधारण तेवढीच. 7×7 ला फेरीमागे 0.143 टक्के. आणि हा गोतावळ्याने सांभाळलेला क्यूबिट चिपवरच्या सगळ्यात चांगल्या सुट्या क्यूबिटपेक्षा 2.4 पट जास्त टिकला. सुगरणी वाढवल्या आणि आमटीला चव आली, असं या प्रकारच्या चिपवर इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसलं.

तर नानांची एफडी. दहा लाख फेऱ्यांत एकच चूक होईल इतका भरवशाचा एक क्यूबिट हवा असेल, तर विलोच्या दर्जाने 27×27 चा पट लागेल, म्हणजे 1457 क्यूबिट. एका क्यूबिटसाठी! इंटरनेटवरच्या व्यवहारांचं 2048 बिटचं आरएसए कुलूप (मोठ्या संख्येचे अवयव पाडता आले की उघडतं ते हेच) तोडायला 2019 च्या हिशोबाने दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागणार होते. त्याच संशोधकांपैकी एकाने, क्रेग गिडनी यांनी, मे 2025 मध्ये तो हिशोब दहा लाखांच्या खाली आणला, वेळ मात्र आठवड्याच्या आत. विलोवर आहेत 105. गाठायचं अंतर प्रचंड आहे, पण दोन बाजूंनी कमी होतंय, यंत्र वाढतंय आणि गरज घटतेय, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये क्वांटमलाही न जुमानणाऱ्या कुलपांचे पहिले तीन नमुने पक्के केले. आज चोरलेला बंद मजकूर कोणी साठवून ठेवला आणि पंधरा वर्षांनी उघडला तर, ही भीती खरी आहे. ती सरकारी कागदांना आणि आरोग्याच्या नोंदींना आहे. नानांच्या एफडीला जास्त धोका "सर, केवायसी अपडेट करा" म्हणणाऱ्या फोनचा.

मला स्वतःला कुलपांपेक्षा रसायनांचं जास्त कुतूहल आहे. तुरीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन साध्या तापमानाला पकडतात. खत कारखान्यात त्यालाच चारशे-पाचशे अंश आणि प्रचंड दाब लागतो. जिवाणूंच्या त्या रेणूतले इलेक्ट्रॉन काय करतात, ते साध्या महासंगणकाला नीट मोजता येत नाही. तिथे हे यंत्र कामाचं ठरू शकेल. पण त्यालाही भरवशाचे क्यूबिट शेकड्या-हजारांनी लागतील.

आपल्याकडे? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेबरोबर केलेल्या सहा क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी ऑगस्ट 2024 मध्ये पूर्ण झाली. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने 2023 मध्ये 6003.65 कोटी मंजूर केले. पवईच्या आयआयटीकडे त्यातलं क्वांटम मोजमापाचं केंद्र आहे. सहा आणि 105 बघून कोणी हसेल. त्याच टीआयएफआरमध्ये 1960 मध्ये टिफ्रॅक चालू झाला, भारतात घडवलेल्या पहिल्या डिजिटल कॉम्प्युटरांपैकी एक. त्यात सुमारे 2700 निर्वात नळ्या होत्या.

नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि बँकवाल्याने विचारावा तोच प्रश्न विचारला. "मग पट वाढवत नेला की चूक शून्यावर येणार ना?" तिथेच गोम आहे. गूगलने विलोवर एकाच जातीच्या चुका पकडणारी साधी साखळी 29 क्यूबिटपर्यंत (तपासनीस वेगळे) लांबवून पाहिली. चूक खाली खाली जात एकावर दहा शून्यांत एक इतकी झाली आणि तिथे अडली. कारण साधारण तासातून एकदा, तीन अब्ज फेऱ्यांनंतर, बरेच क्यूबिट एकाच वेळी बिघडायचे. आधीच्या चिपवर असा गोंधळ अवकाशातून येणारे कण घालायचे, पण त्यावर उपाय केला होता. हा प्रकार वेगळा निघाला, आणि त्याचं कारण त्यांच्या निबंधात नाही.

"म्हणजे जिन्यातले सगळे दिवे एकदम लागल्यासारखं," नाना म्हणाले, आणि वर बघत चढायला लागले.