बंधाऱ्याखालचा नारळ

कॉलेजातून पंचगंगेवरचा राजाराम बंधारा गाडीवरून दहा मिनिटांवर. जुलैत दुपारची प्रॅक्टिकल्स उरकली की पोरं ‘पाणी बघायला’ निघतात, आणि खरं सांगायचं तर मास्तरही निघतो. पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटला की तब्येतीची चौकशी नंतर, आधी ‘पाणी किती फूट?’

त्या दिवशी नदी अजून पात्रातच होती. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे गाळे अडवणाऱ्या फळ्या, पावसाआधीच काढलेले, त्यामुळे प्रत्येक गाळ्यातून गढूळ पाणी जिभेसारखं बाहेर येत होतं. वरच्या अंगाला पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत, खालच्या अंगाला पांढराशुभ्र धुडगूस. शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागत होतं. कुणीतरी वरच्या घाटावर सोडलेला नारळ वाहत आला, गाळ्यातून सुळकन खाली गेला, फेसात बुडाला आणि वर आला. मग पुढं जायचं सोडून उलटा बंधाऱ्याकडं निघाला. पुन्हा बुडाला, पुन्हा वर, पुन्हा उलटा.

“सर, परत आला बघा!” एकानं मोबाईलवर वेळ लावली. अकरा मिनिटं झाली तरी नारळ तिथंच. तेवढ्यात पाऊस आला आणि आम्ही टपरीखाली पळालो.

नारळाचं कोडं सोडवायचं तर आधी पाण्यातली बातमी किती वेगानं जाते ते बघावं लागतं. बातमी म्हणजे लाट. पुढं अडथळा आहे, पुढं पाणी वाढलंय, हे मागच्या पाण्याला कळतं ते पृष्ठभागावरून उलट्या दिशेनं येणाऱ्या लाटेमुळं. उथळ पाण्यात या लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो: खोली मीटरमध्ये घ्या, ९.८ नं गुणा, वर्गमूळ काढा. अर्धा मीटर पाण्यात लाट सेकंदाला सव्वादोन मीटर धावते, दहा मीटर पाण्यात जवळजवळ दहा मीटर.

आता बंधाऱ्याच्या वर आणि खाली पाण्याच्या पातळीत दोन मीटरचा फरक आहे असं धरू. तेवढं उतरून आलेलं पाणी सेकंदाला सव्वासहा मीटरनं पळतं, म्हणजे ताशी बावीस-तेवीस किलोमीटर. आणि पायथ्याशी त्याचा थर असेल समजा अर्धा मीटर. पाणी पळतंय सव्वासहानं, बातमी चढायला बघतेय सव्वादोननं. ती चढणार कशी? जिथं पाणी बातमीपेक्षा जोरात पळतं, तिथं खालच्या अंगाला काय चाललंय याचा वरच्या पाण्याला पत्ताच लागत नाही. या दोन वेगांच्या गुणोत्तराला फ्राउड अंक म्हणतात. विल्यम फ्राउड (१८१०–१८७९) हा इंग्रज इंजिनिअर, जहाजांच्या छोट्या प्रतिकृती टाकीत ओढून खऱ्या जहाजाला किती रोध होईल याचा हिशोब मांडणारा. अंक एकाच्या वर गेला की पाणी बेभान, एकाच्या खाली असलं की शहाणं. आपल्या उदाहरणात तो २.८ च्या आसपास येतो.

बेभान पाण्याला कधीतरी पुढच्या संथ पाण्याशी गाठ घालावीच लागते. ते हळूहळू मंदावत नाही. एका जागी एकदम उसळतं, जाड होतं आणि शांत होतं. याला इंजिनिअर हायड्रॉलिक जंप म्हणतात, आपण पाण्याची उडी म्हणू. वरचेच आकडे चालवले तर अर्ध्या मीटरचा थर उडीनंतर पावणेदोन मीटर होतो आणि वेग पावणेदोन मीटरवर येतो. मधल्या मध्ये जवळपास पाव हिस्सा ऊर्जा घुसळणीत खर्च होते. एवढ्या थयथयाटानं पाणी तापतं किती, तर एका अंशाच्या हजारव्या भागापेक्षा किंचित जास्त. हात घालून कळणार नाही. घालूही नये.

घरी बघायचं असेल तर मोरीतल्या नळाखाली परात पालथी घाला आणि धार बारीक सोडा. धार पडते तिथं भोवती आरशासारखी चकती तयार होते आणि तिच्या कडेला पाणी एकदम उंच होऊन गोल कडं उमटतं. तीही उडीच. चकतीत बोट टेकवा: बोटाच्या खालच्या अंगाला पाचर उमटेल, धारेच्या बाजूला काहीही जाणार नाही. कड्याच्या बाहेर टेकवा, तरंग उलटेही सरकतील. फक्त परातीतला थर इतका पातळ असतो की तिथं पृष्ठताणाचाही हात असतो. गुरुत्व किती आणि पृष्ठताण किती, यावर शास्त्रज्ञांत भांडण आहे. २०१८ मध्ये केंब्रिजच्या राजेश भगत आणि सहकाऱ्यांनी कड्याचं श्रेय पृष्ठताणाला दिलं, आणि ते सगळ्यांना पटलेलं नाही. मोरीतल्या पाण्यावर एवढं डोकं लावणारी माणसं आहेत याचा मला आनंद होतो.

फेस पांढरा का, हे सोपं. बुडबुड्यांच्या असंख्य पृष्ठांवरून सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतो. मीठ खडे असताना पारदर्शक आणि कुटल्यावर पांढरं दिसतं, तोच प्रकार. आवाज मात्र मजेचा. पाणी दगडावर आपटतं म्हणून गर्जना होते असं वाटतं, पण तिच्यात मोठा वाटा बुडबुड्यांचा. पाण्यात हवा कोंडली गेली की तो बुडबुडा क्षणभर घंटेसारखा वाजतो. नेदरलँड्समधल्या मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये त्याचं गणित मांडलं: एक मिलिमीटर त्रिज्येच्या बुडबुड्याचा सूर साधारण तीन हजार हर्ट्झचा, तीन मिलिमीटरचा हजाराच्या आसपास. बंधाऱ्याखाली असे लाखो, प्रत्येकाचा सूर वेगळा. आपल्याला ऐकू येतो तो हा गोंगाट.

आता नारळ. खाली येणारं जोरदार पाणी पृष्ठभागावर राहत नाही, ते तळाशी घुसतं आणि जाताना आजूबाजूचं पाणी ओढून नेतं. ती जागा भरायला वरचं पाणी मागं फिरतं, थेट बंधाऱ्याच्या दिशेनं. म्हणजे तळाला पाणी पुढं, वर पाणी मागं, असा आडवा रहाटच तिथं फिरत असतो. तरंगणारी वस्तू वरच्या प्रवाहात सापडते, मागं जाते, धारेखाली दाबली जाते, पुन्हा वर येते. माणसाचंही तेच होतं. वर हवेनं फुगलेलं पाणी हलकं झालेलं: त्यात तिसरा हिस्सा हवा असली तर ते तिसऱ्या हिश्श्यानं कमी उचलून धरतं. पट्टीचा पोहणारा काठाकडं हात मारतो आणि हाताला पाण्याऐवजी फेस लागतो. नुसतं बघितलं तर चार-पाच फुटांचा खळाळ, त्यात काय एवढं, असं वाटतं. रंकाळ्यावर पोहायला शिकलेल्या पोरांना हे पटवणं फार अवघड.

आणि रहाटाची सगळ्यात वाईट अवस्था गर्जनेच्या वेळी नसते. खालचं पाणी वाढत जातं, उडी बंधाऱ्याच्या अंगावर सरकते, बुडते. फेस कमी दिसतो, आवाज उतरतो, पण पृष्ठभागावरचा उलटा ओढा जास्त लांबवर पसरतो.

पाऊस सुरूच राहिला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे मेसेज फिरू लागले. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर, दहा हजारी चार टँकर दर सेकंदाला. भोगावतीचं हे पाणी कासारी, कुंभी, तुळशीच्या पाण्याला मिळून खाली येतं. तीन दिवसांत बंधारा पाण्याखाली गेला.

बंधारा बुडाला की वर-खालचा फरक काही इंचांवर येतो, पाणी खोल होतं, आणि खोल पाण्यात बातमी जोरात धावते. फ्राउड अंक एकाच्या कितीतरी खाली. फेसाची जी वेस होती, जिच्या पलीकडची बातमी अलीकडं येत नव्हती, ती पुसली जाते. मग नरसोबाच्या वाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा तुंबलेली असली तर तिचा फुगवटा पंचगंगेतून वर सरकू लागतो. पंचगंगेला खाली उतार आधीच कमी. त्यामुळं कोल्हापुरात पाऊस थांबला तरी पाणी हलत नाही, हे २०१९ ला आणि २०२१ ला आपण बघितलं. दोन्ही वर्षी पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती आणि धोका पातळी आहे ४३. कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वादही याच भौतिकशास्त्रावर उभा आहे: फुगवटा असतो यावर वाद नाही, तो किती आणि कुठवर यावर आहे. तो इथं काढत बसत नाही.

३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली त्या संध्याकाळी आम्ही लांब, उंचावरच्या रस्त्यावर उभे होतो. बंधारा कुठं आहे ते खुणेनंच ओळखायचं. तिथं जरासा खळगा आणि मागं दोन-तीन लांबट लाटा, बस्स. आवाज नाही, शेजारच्या छत्रीवरचा पाऊस ऐकू येत होता. जलपर्णीचा खोलीएवढा पुंजका आला आणि त्या जागेवरून न थबकता निघून गेला.

“आपला नारळ?” मी विचारलं.

“गेला असंल की सर, वाडीला. एव्हाना.”