भूल देण्याआधीची तीन मिनिटं

नीटचा निकाल लागला की आमच्या घरी फोन सुरू होतात. यंदा भाचाच समोर येऊन बसला. "मामा, भूलवाले डॉक्टर इतला वरीस शिकीसन काय करतस? सुई त टोचतस!" गेली कित्येक वर्षं जळगाव जिल्ह्यात मी हीच सुई टोचतोय. त्याला म्हटलं, श्वास पूर्ण सोड आणि तसाच थांब. अठ्ठाविसाव्या सेकंदाला गडी लालबुंद.

सुई टोचणं सोपंच असतं. पूर्ण भूल देताना झोपेच्या औषधापाठोपाठ बहुतेकदा स्नायू ढिले करणारं औषध देतात. मग छाती आणि पोटामधला श्वासपटलही ढिला पडतो, म्हणजे पेशंटचा श्वास आम्हीच थांबवलेला असतो. श्वासनलिकेत नळी बसून व्हेंटिलेटर सुरू होईपर्यंत तो जगतो फक्त साठ्यावर.

आता हा साठा मोजू. साधा श्वास सोडल्यावर मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात सुमारे अडीच लिटर हवा उरते. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के, पण आत वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिसळल्यामुळे तो १४ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे साधारण ३५० मिलिलिटर. पडल्यापडल्या शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. दीड मिनिटात खडखडाट! उरलेली जागा अडवून बसलेला असतो नायट्रोजन, त्याचा इथे काही उपयोग नाही. म्हणून तोंडावर मास्क घट्ट धरून तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतात. श्वासागणिक नायट्रोजन धुऊन निघतो आणि त्याच अडीच लिटरमध्ये दोन लिटरच्या वर ऑक्सिजन मावतो. दीड मिनिटाची आठ मिनिटं होतात. नळाला पाणी आलं की हंडे-कळश्या भरून ठेवायला खान्देशात कुणाला शिकवावं लागत नाही, तसंच हे.

पण हंडा सगळ्यांचा सारखा नसतो. गरोदर बाईचा गर्भाशय फुफ्फुसाला खालून वर ढकलतो, लठ्ठ माणसाचं पोट तेच करतं. साठा कमी, खर्च जास्त. तान्हं बाळ वजनाच्या मानाने मोठ्यांच्या दुप्पट ऑक्सिजन खातं. त्यात भाच्याची घुसमट झाली ती ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. भुलीत ती घुसमट जाणवतच नाही. म्हणून कुणीतरी डोळ्यांत तेल घालून मॉनिटरपाशी बसावं लागतं.

दंडाला भगताचा दोरा बांधून लोक येतात, माझी हरकत नाही. हरकत आहे ती "एकच केळं खाल्लं, डॉक्टर" याला, आणि तेही टेबलावर घेतल्यावर सांगतात! भुलीत घशाची राखण थांबते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. खाणं सहा तास बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. आणि कमरेखालचा भाग बधिर करायला पाठीत देतात त्या इंजेक्शनने जन्माची कंबर धरते, हेही खरं नाही. काही दिवस डोकं मात्र दुखू शकतं.

शिक्षणाचं गणित सरळ आहे. एमबीबीएस साडेचार वर्षं, इंटर्नशिप एक, मग नीट-पीजी देऊन भूलशास्त्रात एमडी किंवा त्याच तोडीची डीएनबी, तीन वर्षं. डीए ही भूलशास्त्राची दोन वर्षांची पदविका. एमबीबीएससाठी धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी कॉलेजं आहेत. सर्जरीची हौस वेगळी. भूलशास्त्रात पेशंट तुमचं नावही विसरतो. ज्याला शरीरक्रिया, औषधं आणि थोडं भौतिकशास्त्र आवडतं, आणि चार तास काहीच घडत नसताना जो कंटाळत नाही, त्याने इकडे यावं.

तालुक्यात बरेच भूलतज्ज्ञ बॅग घेऊन दवाखान्यादवाखान्यांत फिरतात. परवा रात्री दोनला रावेरहून सिझेरियनसाठी फोन आला. निघण्याआधी मी लॅरिंगोस्कोपचा, म्हणजे नळी घालताना घशात बघायच्या उपकरणाचा, दिवा लावून पाहिला. मिणमिणत होता. टॉर्चमधले सेल काढून त्यात घातले.