परदेशी पासपोर्ट घेतल्यानंतर पुन्हा भारतीय नागरिकत्व : पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

वीस-पंचवीस वर्षं बाहेर काढून कायमचे परत येणारे अनेक जण आधी एकच प्रश्न विचारतात : इतकी वर्षं देशाबाहेर राहिल्याने आपलं नागरिकत्व गेलं का? जन्माने भारतीय असलेल्याचं नागरिकत्व नुसतं बाहेर राहिल्याने जात नाही. पासपोर्टची मुदत संपली म्हणूनही जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार ते त्याच क्षणी आपोआप संपतं. त्यामुळे ग्रीन कार्डवर किंवा कुठल्याही देशाच्या कायम रहिवासी परवान्यावर आयुष्य काढलेली व्यक्ती आजही भारतीय नागरिकच आहे. तिने पासपोर्टचं नूतनीकरण करावं, नागरिकत्वाचा अर्ज करण्याचं कारण नाही.

ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतलं, त्यांच्यासाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. कलम ५(१)(एफ) हे पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी आहे. आई किंवा वडील तसे नागरिक होते, एवढंही इथे पुरतं. म्हणजे परदेशात जन्मलेला मुलगा किंवा मुलगीही यातून अर्ज करू शकते. कलम ५(१)(जी) हे ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना भारत सरकार देतं ते कार्ड असलेले) म्हणून नोंदणी होऊन पाच वर्षं झालेल्यांसाठी आहे. जोडीदार मूळचा भारतीय नसला, पण ओसीआय कार्डधारक असला, तर त्याला ही दुसरी वाट बहुधा जवळची पडते. ओसीआय नसेल तर भारतीय नागरिकाच्या जोडीदाराला सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे.

दोन्ही वाटांवर एक अट समान आहे आणि अर्ज अडतात ते बहुतेक तिथेच. अर्जाच्या लगतपूर्वीचे बारा महिने तुम्ही भारतात राहत असलं पाहिजे. मागच्या दशकात अधूनमधून केलेल्या मुक्कामांची बेरीज इथे चालत नाही. विशेष परिस्थिती असेल तर केंद्र सरकार कारणं नोंदवून सूट देऊ शकतं, पण ती सगळी मिळून जास्तीत जास्त तीस दिवसांची, मग ती एकदम घेतलेली असो वा तुकड्यातुकड्याने. शिवाय ती हक्काची रजा नाही, सरकारच्या मर्जीची बाब आहे. लेकीचं बाळंतपण, तिकडच्या घराची विक्री, पेन्शनची कामं हे सगळं शक्यतो भारतात येण्याआधी उरका किंवा अर्ज दाखल झाल्यावर ठेवा. पासपोर्टवरच्या प्रत्येक येण्या-जाण्याच्या शिक्क्याची प्रत जपा. भाडेकरार, वीजबिलं, बँकेची पानं हीसुद्धा वास्तव्य दाखवायला उपयोगी पडतात.

अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरायचा. पहिल्या वाटेसाठी नमुना ६, दुसरीसाठी नमुना ७. सोबत वैध परदेशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड किंवा निवास परवाना, शुल्क भरल्याचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पहिल्या वाटेवर तुम्ही किंवा तुमचे पालक भारतीय नागरिक होता, याचा पुरावाही लागतो. त्यासाठी जुना भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचं प्रमाणपत्र सगळ्यात भक्कम. ते प्रमाणपत्र तुम्ही तेव्हा घेतलंच नसेल, तर ते काम आधी मार्गी लावा. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं सगळ्या कागदांवर एकसारखी आहेत का, तेही अर्जाआधीच बघा. लग्नानंतर बदललेलं नाव आणि परदेशात गळालेलं मधलं नाव यांमुळे अगदी खरे कागदही संशयास्पद दिसू लागतात.

भरलेल्या अर्जाची छापील प्रत कागदपत्रांसह तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची. त्यांनी साठ दिवसांत अहवालासह राज्य सरकारकडे आणि राज्याने पुढच्या तीस दिवसांत केंद्राकडे पाठवावं, असं नियमांत आहे. सुरक्षा यंत्रणांची पडताळणीही होते. ज्यांचं भारतीय नागरिकत्व एकदा संपलं आहे, त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही, असं कलम ५(३) सांगतं. म्हणून जिल्हा पातळीवरच्या कुणी ‘झालं तुमचं काम’ म्हटलं तरी निर्धास्त होऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परदेशी नागरिकत्व आधीच सोडून मोकळे होऊ नका. मंत्रालय अर्ज तत्त्वतः मान्य करून तसं पत्र देतं, त्यानंतर परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागतं. तो दिल्यावर आणि निष्ठेची शपथ घेतल्यावर नोंदणी प्रमाणपत्र मिळतं. पत्र हाती येण्याआधी तिकडचं नागरिकत्व सोडलं आणि इथे अर्ज अडकला, तर माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. ब्रिटिश कायद्यात निदान एवढी सोय आहे की, सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व मिळालं नाही तर ते सोडणं झालंच नाही असं धरतात. सगळीकडे असं नसतं. अमेरिकी नागरिकाला देशाबाहेरच्या अमेरिकी वकिलातीत प्रत्यक्ष हजर राहावं लागतं, शिवाय कराचा हिशेबही मिटवावा लागतो. त्या वेळापत्रकाची चौकशी आधीच करून ठेवा.

मुलांबाबत एक गैरसमज पसरलेला आहे. आईवडिलांनी परदेशी नागरिकत्व घेतलं तेव्हा लहान असलेलं मूल अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभरात नुसत्या घोषणेने भारतीय होतं, असं अनेक पालक धरून चालतात. ती तरतूद कलम ८ मधली, म्हणजे स्वतः घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडलेल्यांच्या मुलांसाठीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं की, पालकांचं नागरिकत्व कलम ९ ने आपोआप संपलं असेल तर मुलाला तिचा लाभ मिळत नाही. बहुतेक कुटुंबं याच गटात मोडतात. अशा मुलांनाही वर सांगितलेल्या बारा महिन्यांच्या वाटेनेच यावं लागतं.

प्रमाणपत्र मिळाल्यावर ओसीआय कार्ड परत करा, पासपोर्ट काढा आणि मतदार यादीसाठी निवडणूक आयोगाचा (वरच्यापेक्षा वेगळा) नमुना ६ भरा. या दोन वाटांनी मिळालेल्या नागरिकत्वाला कलम १० लागू असतं, हेही ध्यानात ठेवा. सलग सात वर्षं पुन्हा देशाबाहेर वास्तव्य केलं, तर सरकार ते काढून घेऊ शकतं. त्या काळात शिक्षण, भारतातील सरकारी सेवा किंवा भारत सदस्य असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी असेल तर अपवाद आहे. नाहीतर नागरिकत्व राखण्याचा इरादा भारतीय वकिलातीत दरवर्षी नोंदवावा लागतो.