होमलॅब

दोन-तीन संगणक, एक नेटवर्क स्विच आणि त्या सर्वांना वापरता येईल असा डिस्कचा साठा जोडून घरातच उभ्या केलेल्या सरावाच्या मांडणीला होमलॅब म्हणतात. नोकरीच्या ठिकाणी चालत्या सर्व्हरचा प्लग उपटून पाहता येत नाही, इथे येतो. इंदूरमध्ये अशा मांडण्या बहुधा एसजीएसआयटीएससारख्या महाविद्यालयांतले विद्यार्थी किंवा सुपर कॉरिडॉर आणि क्रिस्टल आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे तरुण करतात. रामबागेतल्या एखाद्या जुन्या मराठी घरात माळ्याखालच्या कोनाड्यात तीन बुटके डबे लुकलुकताना दिसतात, आणि "हे रात्रभर काय गुणगुणतंय रे?" असे आजी विचारते.

या सरावाचा पाया म्हणजे व्हर्च्युअलायझेशन, एका यंत्रावर अनेक यंत्रे भासवणे; अशा भासवलेल्या यंत्राला व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकात मेनफ्रेमवर, म्हणजे आपल्या मोठ्या संगणकांवर, ती राबवली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० बाजारात आणले. घरगुती संगणकांवर ती सुकर झाली ती २००५-०६ मध्ये, इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तिची सोय केल्यावर. २००७ मध्ये व्हीएम चालवणारे केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. डेबियन या लिनक्सवर बेतलेले, केव्हीएम वापरून व्हीएम सांभाळणारे प्रॉक्समॉक्स २००८ पासून उपलब्ध आहे. व्हीएमवेअर कंपनीने ईएसएक्सआय या तशाच प्रणालीची मोफत आवृत्ती २०२४ मध्ये बंद केल्यावर घरगुती मंडळी मोठ्या संख्येने प्रॉक्समॉक्सकडे वळली. पुढच्या वर्षी मोफत आवृत्ती परत आली, पण तोवर बऱ्याच जणांनी बिऱ्हाड हलवले होते.

यंत्रे नवी लागत नाहीत. कंपन्यांनी बदलून टाकलेले छोटे ऑफिस डेस्कटॉप पुरतात. सिल्व्हर मॉलमधल्या किंवा जेल रोडवरच्या दुकानांत चौकशी केली की काही ना काही हाती लागते. प्रोसेसरपेक्षा रॅम पाहावी, कारण व्हीएम आधी रॅमवर अडते. प्रत्येक यंत्रात १६ जीबी असली की काम सुरू होते. घेण्यापूर्वी बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशनची सोय आहे ना, हे दुकानातच पाहिलेले बरे. वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर मिळाले तर व्हीएमला त्यांतला सर्वांत जुना प्रोसेसर दाखवावा लागतो, नाहीतर ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर चालू अवस्थेत जात नाही.

या मांडणीचा प्राण मात्र सामायिक साठ्यात आहे. व्हीएमची डिस्क ज्या यंत्रात असते, त्याच यंत्राला ती व्हीएम बांधलेली राहते. डिस्क तिसऱ्या यंत्रावर ठेवली की व्हीएमचे एका यंत्रावरून दुसऱ्यावर स्थलांतर करताना फक्त रॅम हलवायची उरते. एक गिगाबिटच्या जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी जातात. त्या हिशेबाने ४ जीबी रॅम पाऊण मिनिटाच्या आत पोचते. ६० जीबीची डिस्कही न्यायची झाली तर नऊ मिनिटे लागतात. रॅम जात असताना व्हीएम चालूच असते. मधल्या काळात बदललेली रॅमची पाने (तुकडे) पुन्हा पाठवली जातात आणि अगदी शेवटी क्षणभर ती थबकते. शेजारच्या खिडकीत पिंग (व्हीएम उत्तर देते का, हे सतत विचारणारी आज्ञा) चालू ठेवावे: ओळींमागून ओळी येत असतात, एखादी गळते, आणि पुढची ओळ आली तेव्हा व्हीएम दुसऱ्या डब्यात गेलेली असते. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस ते दहा वेळा करून पाहतो.

साठा देण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. एनएफएस फाइली वाटते; ती पद्धत सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ मध्ये आणली. आयस्कझी मात्र नेटवर्कवरून कोरी डिस्कच हाती देते, आणि नवखे इथेच फसतात. तीच डिस्क दोन यंत्रांना जोडून तिच्यावर साधी ईएक्सटी४ फाइलप्रणाली टाकली, तर कोणती जागा मोकळी आहे याची नोंद प्रत्येक यंत्र आपापल्या रॅममध्ये ठेवते आणि दुसऱ्याला विचारत नाही. तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या पेढीवर दोन मुनिमांनी एकाच चोपडीच्या एकाच पानावर परस्परांना न सांगता जमा-खर्च मांडावा, तशी गत होते. काही तास सारे ठीक दिसते, मग फाइली फाटू लागतात. म्हणून तिथे जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ यांसारखी, एका वेळी एकालाच लिहू देणारी कुलपे सांभाळणारी फाइलप्रणाली, नाहीतर प्रॉक्समॉक्सच्या देखरेखीखाली डिस्कचे भाग पाडून देणारे एलव्हीएम लागते. सुरुवात एनएफएसने करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोनच यंत्रांचा क्लस्टर (एकजुटीने चालणारा यंत्रांचा गट) हीही अशीच फसवी गोष्ट. मधली केबल निघाली की दुसरे यंत्र मेले असे दोघांनाही वाटते, आणि निर्णयाला लागणारे बहुमत कोणाकडेच नसते. तिसरे मत हवे. त्यासाठी रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणकसुद्धा चालतो. साठ्याचे यंत्र एकच असेल तर ते पडले की सगळेच पडते, हेही खरे. सेफसारख्या पद्धतीत साठा तीन यंत्रांवर पसरता येतो, पण एक गिगाबिटच्या जोडणीवर तो रखडतो.

मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा माळ्याखाली पंखे सतत घोंगावतात. त्याहून त्रास पहिल्या वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा होतो. घरातला इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असेल तर दिवे-पंख्यांना चालणारा तो क्षणभराचा खंड संगणकाला सोसत नाही. मागचे बटण यूपीएस मोडवर करावे लागते. साठ्याच्या यंत्रातल्या झेडएफएस या फाइलप्रणालीवर वेग वाढावा म्हणून ज्यांनी सिंक (लिहिलेले डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे) बंद ठेवलेले असते, त्यांची शेवटची काही सेकंदांची लिखाई अशा वेळी जाते आणि व्हीएमची डिस्क बिघडू शकते. 'लिहिले' असे साठ्याने सांगितलेले असते, पण ते रॅममध्येच असते.

प्रत्येकी २५ वॅट धरले तरी तीन यंत्रे महिन्याला ५४ युनिट खातात. मध्य प्रदेशात अटल गृहज्योती योजनेची सवलत महिना १५० युनिटांपर्यंतच्या वापरालाच मिळते, त्यामुळे बेताने वीज वापरणारे घर होमलॅबपायी त्या रेषेपलीकडे जाऊ शकते. म्हणून बरेच जण दोन यंत्रे फक्त शनिवार-रविवारी चालू करतात.