राष्ट्रीय संघात निवड आणि वाढत्या वयाचं शरीर

लमीन यमाल स्पेनच्या मुख्य फुटबॉल संघाकडून पहिल्यांदा खेळला तेव्हा त्याचं वय 16 वर्षं 57 दिवस होतं. सामना जॉर्जियाविरुद्ध, 8 सप्टेंबर 2023 रोजी, आणि त्यात त्यानं गोलही केला. जेमी वार्डीला शेफिल्ड वेन्सडे क्लबानं सोळाव्या वर्षी अंगानं लहान म्हणून सोडून दिलं होतं. इंग्लंडकडून तो पहिल्यांदा खेळला जून 2015 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी. दोघंही आपापल्या वेळी तयारच होते. त्यामुळे 'कितव्या वर्षी घ्यावं?' यापेक्षा 'काय मोजून घ्यावं?' हे विचारणं जास्त उपयोगाचं.

सुरुवात उंचीपासून करू. मुलग्यांची उंची साधारण 14 व्या वर्षी सर्वांत झपाट्यानं वाढते, त्या काळात वर्षाला 9 ते 10 सेंटिमीटर. मुलींमध्ये हा टप्पा 12 च्या आसपास येतो. पण कुणाचा दोन वर्षं आधी येतो, कुणाचा दोन वर्षं उशिरा. चौदा वर्षांखालच्या एकाच संघात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. निवड चाचणीत पहिला धावण्यात आणि धक्काबुक्कीत सरस ठरतो, आणि यादीत त्याचं नाव लागतं. त्यात वयोगटाची सीमारेषा 1 जानेवारी. जानेवारीत जन्मलेल्याला डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षभर जास्त मिळतं, म्हणून जगभरच्या सतरा वर्षांखालच्या संघांत पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांची गर्दी दिसते. जन्ममहिना आणि वाढीचा वेग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. डिसेंबरात जन्मलेला मुलगाही लवकर वाढणारा असू शकतो.

वाढीचा वेग कुठल्याही अकादमीत मोजता येतो, पण मोजणी काटेकोर हवी. अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, नजर समोर, आणि दर वेळी सकाळीच. दिवसभरात मणक्यातल्या चकत्या दबून उंची सुमारे एक सेंटिमीटरनं घटते. एकदा सकाळी आणि तीन महिन्यांनी संध्याकाळी मोजलं, तर ती एका सेंटिमीटरची चूक वार्षिक वेग काढताना चारपट होते: 7 सेंटिमीटरनं वाढणारा मुलगा कागदावर 3 सेंटिमीटरनं वाढताना दिसतो. म्हणून दोनदा मोजावं, आणि 4 मिलिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. बसल्या उंचीचीही नोंद ठेवावी (स्टुलाची उंची वजा करून), कारण आधी पाय लांबतात, मग धड.

दुसरा आकडा असतो, अंदाजित प्रौढ उंचीच्या किती टक्के उंची आज गाठली आहे याचा. 1994 ची खामिस-रोश पद्धत मुलाचं वय, उंची, वजन आणि आईवडिलांची उंची यांवरून तो अंदाज देते. समजा, एक मुलगा 165 सेंटिमीटर आहे आणि 172 वर थांबणार आहे. दुसरा आज 158 आहे आणि 181 ला पोहोचणार आहे. पहिल्यानं 96 टक्के गाठले, दुसऱ्यानं 87. मैदानावर आज पहिला भारी पडेल, पण त्याची शारीरिक आघाडी संपत आली आहे. ही सूत्रं अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांच्या नोंदींवर बेतलेली आहेत, तेव्हा आपल्या मुलांसाठी तो आकडा अंदाज म्हणूनच वापरावा. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनं उशिरा वाढणाऱ्यांसाठी 'फ्यूचर्स' नावाचे वेगळे राष्ट्रीय संघच ठेवले. आपल्याकडे हे आजही करता येण्याजोगं आहे.

झपाट्यानं वाढ होते त्याच महिन्यांत दुखापतीही वाढतात. हाड लांबतं, स्नायू ताणला जातो, आणि तो जिथे हाडाला जोडलेला असतो तिथली कूर्चा (हाड बनण्याआधीचा लवचीक भाग) अजून मऊ असते. गुडघ्याखाली दुखरा उंचवटा येतो, टाच दुखते, जोरात किक मारताना कमरेच्या हाडाचा तुकडा निघू शकतो. वेग वर्षाला 7 सेंटिमीटरच्या वर गेला की उड्या आणि पूर्ण वेगाच्या धावा कमी कराव्यात आणि तोल, वळणं, चेंडूवरचा ताबा यांना वेळ द्यावा. अशा मुलाला चाचणीत नापास करून घरी पाठवणं हा अन्याय आहे. सहा महिन्यांनी त्याला पुन्हा बघावं.

हाडांच्या चाचणीबद्दल बराच गैरसमज आहे. फिफानं 2009 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय सुरू केला. त्यात हाडाच्या टोकाजवळची, जिथून हाड वाढतं ती कूर्चेची पट्टी पूर्ण जुळलेली, म्हणजे सहावी श्रेणी दिसली, तर मुलगा सतराच्या आतला असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. ही चाचणी वयचोरी पकडते, तयारी सांगत नाही. मुलींची पट्टी लवकर जुळत असल्यानं त्यांना हा निकष लागू पडत नाही. मुलींच्या बाबतीत त्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासणं महत्त्वाचं, कारण लोह कमी असलेली खेळाडू दुसऱ्या हाफमध्ये थकते आणि दोष मात्र तिच्या मेहनतीला दिला जातो.

वाढ स्थिरावली तरी खेळाच्या भाराचा प्रश्न उरतो. स्पेनच्या पेद्रीनं अठराव्या वर्षी, 2020-21 च्या मोसमात, क्लब, युरो आणि टोकियो ऑलिंपिक मिळून 73 सामने खेळले; पुढच्या मोसमात मांडीच्या स्नायूंनी त्याला वारंवार बाहेर बसवलं. उलट टोक इंग्लंडच्या थिओ वॉलकॉटचं. आर्सेनलकडून प्रीमियर लीगचा एकही सामना न खेळता सतराव्या वर्षी तो 2006 च्या विश्वचषकाला गेला, आणि तिथे एक मिनिटही मैदानावर उतरला नाही.

भार मोजायला यंत्र लागत नाही. सरावानंतर अर्ध्या तासानं खेळाडूनं 0 ते 10 मध्ये थकवा सांगायचा आणि त्याला मिनिटांनी गुणायचं: 90 मिनिटं गुणिले 7, म्हणजे 630. चार आठवड्यांची सरासरी 1,800 असलेल्या मुलानं शिबिराच्या आठवड्यात 3,000 केले, तर भार पावणेदोन पटीच्या जवळ गेला. दीडपटीच्या पुढे फिजिओ सावध होतात. ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, पण तिथे थांबून विचार करावा.

निर्णयक्षमता मात्र व्हिडिओवरच कळते. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी दाखवलं की वरच्या दर्जाचे मिडफिल्डर चेंडू येण्यापूर्वीच्या 10 सेकंदांत सतत मान वळवून आजूबाजूला बघतात. फोनचा कॅमेरा चेंडूऐवजी त्या एकाच खेळाडूवर रोखून ठेवा आणि मानेच्या हालचाली मोजा. आपल्या वयोगटात भराभर बघणारा मुलगा मोठ्यांच्या सामन्यात तसाच बघतो का, की दडपणाखाली नजर चेंडूवरच खिळते? ज्याच्या बाबतीत या दोन्हींतला फरक थोडा, तो पुढच्या पायरीला तयार.

म्हणूनच मोठ्यांविरुद्धची नियमित मिनिटं लागतात. कोल्हापूरचा अनिकेत जाधव ज्या संघात होता, तो 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकातले तिन्ही सामने हरला. त्यातले बरेच जण लगेच 'इंडियन ॲरोज' या संघातून आय-लीग या भारतातल्या क्लब स्पर्धेत उतरले आणि मोसमभर प्रौढ बचावपटूंशी भिडले. शिबिराला बोलावताना प्रशिक्षकानं क्लबाकडून तीन नोंदी मागवाव्यात: गेल्या चार आठवड्यांची मिनिटं, सहा महिन्यांतली उंची, आणि शेवटची दुखापत कधी व कुठे. परत पाठवताना शिबिरातला भार लिहून द्यावा, आणि शेवटच्या सामन्यानंतर 72 तास तरी क्लबानं त्याला पूर्ण वेगानं पळवू नये.