डभोई (कोटबंद गाव)

डभोई हे वडोदऱ्याच्या आग्नेयेला सुमारे ३० कि.मी. अंतरावरचे, एके काळी चहूबाजूंनी तटाने वेढलेले गाव. जुने नाव दर्भावती. मराठी बखरींत व पत्रांत ‘डभई’. वडोदऱ्यातल्या मराठी घरांना हे गाव बहुधा वाटेवरचे म्हणून माहीत असते. चांदोदला नर्मदेवर तर्पणाला किंवा गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जायचे, तर गाडी डभोईवरूनच जाते. खाली उतरून वेशी पाहणारे थोडे.

तट आता सलग उरलेला नाही. उरल्या आहेत त्या चार दिशांच्या चार वेशी, आणि गावाचा आकार त्यांवरूनच ताडायचा. गुजरातीत वेशीला ‘भागोळ’ म्हणतात. पश्चिमेची वडोदरी, दक्षिणेची नांदोदी, उत्तरेची महुडी (हिलाच चांपानेरी असेही म्हणतात) आणि पूर्वेची हिरा. पहिल्या दोघींची नावे रस्ता जिकडे जातो त्या गावांची आहेत: वडोदरा आणि राजपीपळ्याजवळचे नांदोद. कोटाचा आरंभ सोळंकी राजा सिद्धराज जयसिंहाकडे दिला जातो. आज दिसणाऱ्या बांधकामाचे श्रेय १३ व्या शतकातल्या वाघेला राजा विसलदेवाला देतात.

वडोदरी वेशीत शिरले की वाट सरळ गावात न जाता काटकोनात वळते. बाहेरचा दरवाजा फोडून आत घुसलेल्याला वेग धरता येऊ नये आणि वळताना तो वरच्या माऱ्यात सापडावा, असा हा बेत. आत उभे राहून मान वर केली की भिंतींतून एकावर एक पुढे सरकत आलेले कोरीव हात दिसतात. माथ्यावरच्या तुळयांचा भार त्यांच्यावर आहे. कमान नाही, सगळा खेळ दगडावर दगड पुढे काढण्याचा.

कोरीवकाम मात्र पाहावे ते हिरा भागोळीचे. तिला लागून एका अंगाला कालिकामातेचे आणि दुसऱ्या अंगाला वैद्यनाथ महादेवाचे देऊळ आहे. कालिकेच्या भिंतीवर हत्ती, घोडे, योद्धे आणि नर्तकी अशा दाटीने आहेत की बोटभर जागा मोकळी सापडत नाही. दगड पावसाने झिजला आहे. काही चेहरे नुसते गुळगुळीत उंचवटे झाले आहेत.

वेशीला नाव ज्याचे, त्या हिरा कडियाची (गवंड्याची) कथा गावात सांगतात. कोटासाठी आणलेले दगड चोरून त्याने आपल्या तेन नावाच्या प्रियेसाठी तळे बांधले. राजाने त्याला जिवंत भिंतीत चिणले. तेन फटीतून तूप ओतत राहिली आणि तो जगला. पुढे अर्धे राहिलेले काम दुसऱ्या कुणाला जमेना, म्हणून राजाने भिंत फोडून त्याला बाहेर काढले. तेनतळाव नावाचे गाव जवळच आहे, एवढा पुरावा गावकऱ्यांना पुरतो.

मराठी वाचकाला डभईचे नाव आठवते ते १ एप्रिल १७३१ च्या लढाईमुळे. गुजरातच्या चौथाईवरून बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात ती झाली. दाभाडे गोळी लागून पडले. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या पिलाजी गायकवाडांचा मुलगा सयाजीही मारला गेला. ‘डभईची लढाई’ म्हणतात खरे, पण ती कोटाच्या आत नव्हे, वडोदऱ्याच्या रस्त्यावर भिलापूरच्या बाजूला झाली. वेशीच्या दगडांत तिच्या खुणा शोधणाऱ्यांची निराशा होते.

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात १७८० साली डभोई इंग्रजांकडे गेली आणि सालबाईच्या तहानंतर १७८३ मध्ये मराठ्यांना परत मिळाली. मधल्या काळात इथला कलेक्टर असलेल्या जेम्स फोर्ब्सने गावाची चित्रे काढली. जाताना त्याने कोरीव दगडांचे काही तुकडे इंग्लंडला नेले आणि आपल्या बागेत मांडले. ते ब्राह्मणांच्या संमतीने नेले, असे तो स्वतः लिहितो. सत्ता कुणाच्या हाती होती हे लक्षात घेता या संमतीला फार वजन देऊ नये.

१८६२ मध्ये खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम हा भारतातला पहिला नॅरोगेज मार्ग झाला. रुळांची रुंदी २ फूट ६ इंच. आरंभी डबे बैल ओढत. इंजिने नियमित आली ती बऱ्याच वर्षांनी. आता केवडियाकडे जाणारी ब्रॉडगेज गाडी डभोईवरून जाते.

पाहायला जाणाऱ्याने वडोदरी वेशीतून शिरावे आणि बाजारातून चालत हिरा भागोळ गाठावी. हिरा पूर्वेची, त्यामुळे सकाळचे तिरपे ऊन बाहेरच्या अंगावर पडते आणि झिजलेल्या आकृतीही उठून दिसतात. दुपारी तीच भिंत सपाट भासते.