लघवीची बाटली ते रक्ताचा पासपोर्ट : सायकलिंगमधल्या उत्तेजक चाचण्यांची पार्श्वभूमी

व्यावसायिक सायकलपटूवर आरोप झाला की ठरलेलं उत्तर येतं : 'माझी एकही चाचणी पॉझिटिव्ह आलेली नाही.' हे उत्तर कितपत धरून चालायचं, हे कळण्यासाठी कोणती चाचणी कधी आली आणि ती नेमकं काय मोजत होती, हे पाहावं लागतं.

सुरुवात अँफेटामिनपासून. थकव्याची जाणीव दाबणारं हे औषध शर्यतीच्या दिवशीच घेतलं जाई आणि लघवीत सापडे. फ्रान्सने 1965 मध्ये कायदा केला आणि 1966 च्या टूर द फ्रान्समध्ये बोर्दोच्या हॉटेलात पहिल्यांदा नमुने घेतले गेले. दुसऱ्या दिवशी सायकलपटू निषेध म्हणून खाली उतरले आणि सायकली हातात धरून चालू लागले. पुढच्याच वर्षी, 13 जुलै 1967 रोजी, ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर रणरणत्या उन्हात कोसळला आणि दगावला. शरीरात अँफेटामिन आणि मद्य सापडलं. शरीर थांबायला सांगत असताना तो निरोप मेंदूपर्यंत पोचूच न देणं, हाच या औषधाचा खरा धोका. 1968 पासून टूरमध्ये नियमित तपासणी सुरू झाली.

मग फसवणूक नमुन्याकडे वळली. 1978 मध्ये आल्प द्युएजचा टप्पा जिंकून एकूण आघाडीची पिवळी जर्सी मिळवलेला मिशेल पोलाँतिए तपासणीच्या खोलीत पकडला गेला. काखेत दुसऱ्याच्या लघवीने भरलेला रबरी फुगा आणि तिथून अंगालगत खाली आणलेली नळी. आज नमुना देताना बाह्या कोपरापर्यंत, जर्सी छातीपर्यंत वर आणि चड्डी गुडघ्यापर्यंत खाली घ्यायला लावतात, तपासनीस समोर उभा राहतो, ते अशाच प्रकारांमुळे. किमान 90 मिलीलीटर लघवी लागते. ती 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांत खेळाडू स्वतः ओततो आणि सील करतो. नमुना फार पातळ असेल तर पुन्हा द्यावा लागतो.

खरी उलथापालथ ईपीओने केली. तांबड्या पेशी वाढवणारं हे संप्रेरक शरीरातही तयार होतं. त्यामुळे इंजेक्शनमधलं कुठलं आणि स्वतःचं कुठलं, हे 1990 च्या दशकात ओळखताच येत नव्हतं. युसीआय या जागतिक संघटनेने 1997 मध्ये वेगळी वाट काढली : रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हेमॅटोक्रिट, पुरुषांत 50 टक्क्यांच्या वर गेलं तर 15 दिवस घरी. याला शिक्षा न म्हणता आरोग्यासाठीची विश्रांती म्हटलं गेलं. माझ्या मते इथेच मोठी चूक झाली. मुळात 42 असलेल्याला 49 पर्यंत जायची वाट मोकळी झाली आणि 50 हे लक्ष्यच बनलं. आकडा चढला तर शिरेतून सलाईन द्यायची. रक्त पातळ होतं आणि आकडा उतरतो. 1998 च्या जागतिक स्पर्धेत लान्स आर्मस्ट्राँगच्या संघाच्या डॉक्टरने रेनकोटखाली लिटरभर सलाईन लपवून तपासनिसासमोरून नेलं, हे पुढे अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेच्या, 'युसाडा'च्या, चौकशीत नोंदवलं गेलं.

त्याच 1998 च्या जुलैमध्ये फेस्तिना संघाच्या मालिशवाल्याची गाडी फ्रान्स-बेल्जियम सीमेवर अडवली गेली. आत ईपीओ, ग्रोथ हार्मोन, टेस्टोस्टेरॉन, अँफेटामिन. संघ टूरमधून बाहेर गेला. हा साठा पकडला सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी, प्रयोगशाळेने नव्हे. पुढच्या वर्षी जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, 'वाडा', स्थापन झाली.

ईपीओची लघवीतली चाचणी 2000 मध्ये फ्रेंच प्रयोगशाळेने तयार केली. विद्युतभारानुसार रेणू वेगळे केले की कृत्रिम ईपीओच्या पट्ट्या नैसर्गिकपेक्षा वेगळ्या जागी उमटतात. तोडही लगेच निघाली : थोडा डोस, थेट शिरेत, रात्री. खुणा काही तासांत पुसल्या जातात आणि रात्री 11 ते पहाटे 6 या वेळात सहसा कोणी तपासायला येत नसे. काहीजण रक्ताच्या पिशव्यांकडे परतले. आधी अर्धा लिटर स्वतःचं रक्त काढायचं, थंड ठेवायचं, शर्यतीत परत चढवायचं. दुसऱ्याचं रक्त 2004 पासून ओळखता येऊ लागलं. स्वतःचं रक्त पकडणारी सर्वमान्य थेट चाचणी आजही नाही. 2006 मध्ये माद्रिदमध्ये स्पॅनिश क्रीडा-डॉक्टर फुएन्तेस यांच्याकडे सांकेतिक नावांच्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या, त्याही पोलिसांच्या छाप्यात.

म्हणून 2008 मध्ये जैविक पासपोर्ट आला. यात औषध शोधत नाहीत, औषधाचा परिणाम शोधतात, आणि तुलना खेळाडूच्या स्वतःच्याच जुन्या नोंदींशी होते. मुख्य आकडे दोन : हिमोग्लोबिन आणि नवजात तांबड्या पेशींची टक्केवारी. टक्केवारीच्या वर्गमूळाला 60 ने गुणून ते हिमोग्लोबिनमधून वजा करतात. लिटरला 150 ग्रॅम आणि 1 टक्का असेल तर उत्तर 90. पिशवी चढवल्यावर हिमोग्लोबिन 165 होतं. पेशी पुरेशा आहेत असं समजून अस्थिमज्जा उत्पादन थांबवते, टक्केवारी 0.3 वर येते आणि उत्तर 132 च्या घरात जातं. एवढी उडी नजरेत भरते. पण उंचावरचा सराव आणि शरीरातलं पाणी यांनीही आकडे हलतात, म्हणून रक्त काढण्याआधी 10 मिनिटं बसवतात, व्यायामानंतर काही वेळ थांबतात आणि निर्णय तज्ज्ञांवर सोपवतात. ही सावधगिरी योग्यच आहे, निर्दोष माणूस अडकता कामा नये. मात्र छोटे, नियमित डोस घेणाऱ्यालाही तिचा फायदा होतो.

2012 मध्ये आर्मस्ट्राँगची सातही टूर विजेतेपदं काढून घेतली गेली, ती प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या शपथेवरच्या साक्षींवर. 2019 मध्ये पोलिसांच्या 'आडरलास' कारवाईत जर्मनीतल्या एका डॉक्टरचं रक्त चढवण्याचं जाळं उघड झालं आणि ऑस्ट्रियाच्या दोन व्यावसायिक सायकलपटूंनी कबुली दिली. त्या दोघांचेही जैविक पासपोर्ट होते, पण त्यांतून ते पकडले गेले नव्हते.